एका बोल्टसाठी अख्खा दिवस

गाडी सकाळी गॅरेजमध्ये टाकलेली असते. संध्याकाळपर्यंत मिळेल, असे मेकॅनिकने सांगितलेले असते. काम तसे काही मोठे नाही. इंजिनातून फटफट आवाज येतो आहे, एक्झॉस्टची गॅस्केट गेली असावी, ती बदलायची एवढेच. संध्याकाळी फोन केला की उत्तर येते, ‘‘साहेब, एक बोल्ट स्लिप झालाय. आज काही होत नाही, उद्या बघा.’’ दुसऱ्या दिवशी बिल हातात पडते. त्यात गॅस्केटची किंमत एका कोपऱ्यात अंग चोरून बसलेली असते आणि मजुरीचा आकडा तिच्या कितीतरी पट असतो. घरी आल्यावर त्यावर चर्चा झडते. ‘‘एक बोल्ट काढायला एवढे पैसे?’’ असे बायको विचारते आणि ‘‘तुम्हाला चक्क गंडवलं, भावजी,’’ असे मेव्हणा सांगून मोकळा होतो.

गंडवले असेलही. सगळीच गॅरेजे धुतल्या तांदळासारखी नसतात. पण पुष्कळदा तसे झालेले नसते. बोटाएवढ्या जाडीचा एक बोल्ट कसलेल्या माणसाचा अख्खा दिवस खरोखरच खाऊ शकतो. तो दिवस कुठे जातो, हे बोनेटच्या अलीकडे उभ्या असलेल्या आपल्याला दिसत नाही, आणि पलीकडच्या माणसाला ते शब्दांत सांगता येत नाही. ‘बोल्ट गोल झाला’ या तीन शब्दांत त्याच्या दृष्टीने सगळे आले. आपल्या दृष्टीने त्यात काहीच नसते. हे अंतर थोडे कमी व्हावे, एवढ्यासाठी या बोल्टची हकिकत सविस्तर सांगण्यासारखी आहे.

बोल्ट धरतो कसा?

बोल्ट म्हणजे दोन वस्तू अडकवून ठेवणारा खिळा, अशी आपली समजूत असते. खरे तर बोल्ट ही एक ताठर स्प्रिंग आहे. पाना फिरवून तो आवळला की तो किंचित ताणला जातो. ताणलेल्या स्प्रिंगसारखा तो पुन्हा आखडू पाहतो आणि त्या ओढीने दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. गंमत अशी, की पान्यावर आपण जो जोर लावतो, त्यातला फार थोडा भाग या ताणण्याच्या कामी येतो. शंभर भाग जोर लावला तर ढोबळ मानाने पन्नास भाग बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातात, चाळीस आट्यांच्या घर्षणात, आणि उरलेले दहा खऱ्या कामाला लागतात. हा हिशेब लक्षात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

नव्या बोल्टच्या बाबतीत हे घर्षण बेताचे असते. पण एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला जळका धूर गोळा करून सायलेन्सरच्या नळीकडे नेणारा ओतीव लोखंडाचा पंजा, हा भाग रोज शेकडो अंश तापतो आणि रोज थंड होतो. त्याला धरून ठेवणारे बोल्टही त्याच्याबरोबर तापतात आणि निवतात. पावसाचे पाणी उडते, चिखल बसतो, मुंबई-कोकणात तर हवेतच मीठ असते. लोखंड गंजले की गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. आट्यांच्या फटीत ती जागा नसतेच. मग गंज पाचरीसारखा ठासून बसतो. त्यात इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे असेल तर आणखी एक भानगड होते. ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकलेले असताना त्यांच्यामध्ये ओलावा आला की एक लहानशी बॅटरीच तयार होते, आणि त्यात ॲल्युमिनियम झिजत जाते. त्याची पांढरी भुकटी आट्यांमध्ये सिमेंटसारखी जमते. दहा वर्षांनी कोणी तिथे पाना लावतो, तेव्हा बोल्ट आणि भोक या दोन वस्तू जवळजवळ एकजीव झालेल्या असतात.

सहा बाजूंचा घात

आता हा बोल्ट गोल कसा होतो ते पाहू. बोल्टच्या डोक्याला सहा बाजू का असतात, हा प्रश्न लहान मुले विचारतात आणि मोठी माणसे टाळतात. उत्तर अडचणीच्या जागेत दडलेले आहे. चौकोनी डोके असेल तर पाना एका पकडीत नव्वद अंश फिरवावा लागतो, तेव्हाच पुढची पकड मिळते. सहा बाजू असतील तर साठ अंशांत काम भागते. आठ बाजू केल्या तर आणखी सोयीचे झाले असते. पण मग कोपरे इतके बोथट होतात की पाना निसटतो. षटकोन ही या दोन टोकांमधली तडजोड आहे.

आपल्या साध्या दुतोंडी पान्याचे तोंड दांड्याला सरळ नसते, जरासे तिरपे असते. हा तिरपेपणा बहुधा पंधरा अंशांचा असतो आणि तो मुद्दाम ठेवलेला असतो. पाना एकदा सुलटा आणि एकदा उलटा लावला की साठऐवजी तीस अंशांच्या जागेतही बोल्ट फिरवता येतो. रिंग पान्याच्या आत बारा खाचा असतात, त्या याचसाठी. म्हणजे अडचणीच्या जागी हात घालता यावा म्हणून किती पिढ्यांनी किती डोके चालवले आहे पाहा!

पण हीच सोय पुढे घात करते. बारा खाचांचा पाना बोल्टला कोपऱ्यांपाशीच धरतो. सहा खाचांचा पाना सपाट बाजूंवर जास्त पसरून बसतो. म्हणून जाम झालेल्या बोल्टला सहा खाचांचा पाना हवा. पण जागा चिंचोळी असेल तर तो पुरेसा फिरतच नाही, आणि नाइलाजाने बारा खाचांचा लावावा लागतो. कोपरा एकदा झिजला की पाना घसरतो, आणि घसरताना आणखी थोडा कोपरा तासून नेतो. दुसऱ्या घसरणीला षटकोनाचा गोल लाडू झालेला असतो.

चुकीचे माप हेही एक मोठे कारण आहे. जुन्या अँबॅसडरचे इंजिन इंग्रजी वंशाचे, तिचे बोल्ट इंचांच्या मापाचे. प्रीमियर पद्मिनीचे मूळ इटालियन फियाटमध्ये, म्हणून ती मिलिमीटरची. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि तिच्याबरोबर जपानी पद्धतीची मापे आली. आट्यांची जाडी ८ मिलिमीटर असलेल्या बोल्टचे डोके युरोपात १३ मिलिमीटरचे असते, तर जपानी गाड्यांत बहुधा १२ मिलिमीटरचे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. म्हणजे डब्यात बारा, अर्धा इंच आणि तेरा असे तीन पाने शेजारी शेजारी पडलेले, आणि तिन्ही दिसायला जवळपास सारखे. बारा मिलिमीटरच्या डोक्यावर तेराचा पाना सैलसर का होईना, बसतो. ढिल्या बोल्टला तो चालूनही जातो. जाम बोल्टवर मात्र त्याने एकदा जोर केला की पुढची सगळी कथा सुरू होते.

मुळात आट्यांना ठरीव माप असावे, ही कल्पनाच फार जुनी नाही. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांचे एक प्रमाण सुचवले. त्यात आट्याचा कोन ५५ अंश होता. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंशांचे आटे मांडले. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा बोल्ट त्या कारखान्याच्या नटालाच बसायचा. आजचे मिलिमीटरी आटेही ६० अंशांचेच आहेत. म्हणजे जगाने कोनावर एकमत केले, पण डोक्याच्या मापावर पुरते केले नाही. त्याची किंमत आपल्या गल्लीतला मेकॅनिक अजून मोजतो.

वाट काढणे

इतके सगळे झाले तरी बोल्ट डोळ्यांसमोर असता, तर एवढा बाऊ नव्हता. पद्मिनीचे बोनेट उघडले की इंजिन गाडीच्या लांबीत उभे दिसायचे आणि त्याच्या दोन्ही अंगांना हात फिरायला जागा असायची. मुंबईच्या रस्त्यांवरून ती टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर कायमची निघून गेली. मारुतीपासून पुढच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवे बसवलेले आहे. आत माणसांना पाय पसरायला जागा मिळाली, ती इंजिनाच्या भोवतालची जागा काढून घेऊन. आडव्या इंजिनाची एक बाजू रेडिएटरकडे असते आणि दुसरी बाजू गाडीच्या आतल्या पत्र्याच्या भिंतीकडे. त्या भिंतीकडच्या बाजूला जे बोल्ट असतात, ते वरून दिसत नाहीत. खालून पाहावे तर मध्ये ॲक्सल, नळ्या, वायरी. तिथे हात जातो तो मनगटापर्यंत, आणि हात गेला की नजर जात नाही.

अशा जागी मेकॅनिक बोटांनी पाहतो. मधल्या बोटाच्या टोकाने तो बोल्टच्या सहा बाजू मोजतो, कोपरे शाबूत आहेत का ते चाचपतो. कधी दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा लहानसा आरसा काडीला लावून आत धरतो. इथे आणखी एक चकवा असतो. आरशात आणि मागच्या बाजूने पाहताना दिशा उलटी होते. जो बोल्ट डावीकडे फिरवला की सुटतो, तो आरशात उजवीकडे फिरताना दिसतो. भलेभले इथे फसतात आणि सोडवण्याच्या नादात बोल्ट आणखी आवळतात. म्हणून जुने लोक पाना लावण्यापूर्वी हवेतच हात फिरवून दिशा पक्की करतात. पाहणाऱ्याला ते मंत्र म्हटल्यासारखे वाटते.

लांब दांडा लावून दुरून पाना चालवावा म्हटले, तर दांडा जितका तिरपा तितका तो बोल्टवरून निसटण्याकडे जास्त झुकतो. अशा वेळी अनुभवी माणूस एक निर्णय घेतो, आणि गिऱ्हाइकाला नेमका तोच खटकतो. बोल्टला हात लावण्याआधी तो इतर भाग काढायला घेतो. एअर फिल्टर काढा, बॅटरीचा ट्रे काढा, उष्णता अडवणारा पत्रा काढा, गरज पडली तर इंजिनाचा एक माउंट सोडून इंजिन चार बोटे पुढे कलवा. ‘‘बोल्ट मागे आहे आणि हा पुढचं सगळं का उघडून बसलाय?’’ असे आपल्याला वाटते. पण हे दोन तास वाट करण्याचे असतात. सरळ रेषेत पाना बसेल एवढी वाट झाली, तर निम्मे काम झाले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा मुंबईत कुर्ल्याच्या बाजूला जुन्या गॅरेजांच्या भिंतींवर असे कितीतरी पाने टांगलेले दिसतात, जे कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. कुणाचा दांडा कापून आखूड केलेला, कुणाची मान तापवून वाकवलेली, कुणाची भिंत घासून पातळ केलेली. एकेक पाना एकेका गाडीच्या एकेका अवघड बोल्टसाठी जन्माला आलेला असतो.

आधी काय, मग काय

आता गोल झालेल्या बोल्टचे करायचे काय? उपाय पुष्कळ आहेत आणि बहुतेक मेकॅनिकना ते ठाऊकही असतात. कसब आहे ते त्यांच्या क्रमात. प्रत्येक उपाय फसू शकतो. म्हणून जो उपाय फसला तरी पुढच्या उपायाची वाट मोकळी राहते, तो आधी करायचा, आणि जो फसला तर पुढच्या वाटा बुजवतो, तो शेवटी. चांगला मेकॅनिक आणि घायकुतीला आलेला मेकॅनिक यांच्यातला फरक एवढाच असतो.

सर्वांत आधी थांबणे. पाना पहिल्यांदा घसरला, त्याच क्षणी हात काढून घ्यायचा. पान्याला पाइप लावून आणखी जोर करण्याचा मोह तिथेच आवरायचा. मग तारेच्या ब्रशने बोल्ट साफ करायचा आणि आट्यांत झिरपणारे पातळ तेल सोडायचे. पूर्वी रॉकेलमध्ये थोडे इंजिन ऑइल मिसळून लावत. आता फवाऱ्याचे डबे मिळतात. त्यातला डब्ल्यूडी-४० हा प्रसिद्ध डबा १९५३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरात जन्मला, तो बोल्ट सोडवण्यासाठी नव्हे, तर क्षेपणास्त्राच्या पत्र्यावर ओलावा टिकू नये म्हणून. तेल सोडल्यावर बोल्टच्या डोक्यावर हातोडीने सरळ, बेताचे ठोके द्यायचे. त्या हादऱ्यांनी गंजाला बारीक तडे जातात आणि तेल आत उतरते. आणि मग वाट पाहायची. तास, दोन तास, जमले तर रात्रभर. ‘गाडी उद्या बघा’ याचा एक अर्थ हा असतो. या उपायाला पैसा लागत नाही आणि तो फसला तरी काहीही बिघडत नाही.

दुसरा उपाय घट्ट पकडीचा. सहा खाचांचा, किंचित लहान मापाचा बॉक्स पाना गोल झालेल्या डोक्यावर हातोडीने ठोकून बसवायचा. बारा मिलिमीटरचे डोके झिजून बाराचे उरलेलेच नसते. तिथे सात-षोडशांश इंचाचा, म्हणजे ११.१ मिलिमीटरचा पाना ठोकून बसवला की तो दात रोवतो. इंच आणि मिलिमीटरच्या ज्या घोळाने बोल्ट बिघडला, तोच घोळ असा कधी कधी उपयोगी पडतो. पाना बसला की एकदम सोडवायला जायचे नाही. आधी केसभर आवळायचे, मग सोडवायचे, पुन्हा आवळायचे. गंजाची पकड दोन्ही बाजूंनी हलवून मोडायची. हात शिवशिवत असतात, पण इथे जोरापेक्षा लय कामाला येते.

तिसरा उपाय उष्णतेचा. हेड ॲल्युमिनियमचे आणि बोल्ट पोलादाचा असेल, तर भोकाभोवतालचा भाग तापवायचा. तितक्याच उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. भोक मोठे होते आणि बोल्ट मोकळा पडतो. पण जपून! शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, मिश्रधातू तर त्याच्याही आधी. लोखंडासारखे ते आधी लाल होऊन इशारा देत नाही. शिवाय शेजारून पेट्रोलची नळी गेलेली असते आणि मघाशी सोडलेले तेलही जळण्याजोगे असते. ते पुसून घेतल्याशिवाय आणि आग विझवायचे साधन जवळ असल्याशिवाय ज्योत पेटवायची नाही. हा उपाय घरी, पार्किंगमध्ये करण्याचा नव्हे.

चौथा उपाय वेल्डिंगचा. गोल झालेल्या डोक्यावर एक नवा नट ठेवून त्याच्या भोकातून वेल्ड करायचे. त्यामुळे एका दगडात दोन पक्षी मारले जातात. धरायला सहा कोरे कोपरे मिळतात, आणि वेल्डिंगची धग थेट बोल्टच्या पोटात जाते. तो तापून फुगतो, निवताना आखडतो, आणि त्या हालचालीत गंजाची पकड सुटते. वेल्ड तुटला तर पुन्हा करता येतो. मात्र त्याआधी बॅटरीच्या वायरी सोडायलाच हव्यात. आजच्या गाड्यांतली इलेक्ट्रॉनिक पेटी वेल्डिंगच्या करंटने जळू शकते, आणि मग बोल्टचे दुःख कुणाला आठवणारही नाही.

पाचवा उपाय डोके उडवण्याचा. छिन्नीने किंवा ड्रिलने बोल्टचे डोकेच कापून टाकायचे आणि मॅनिफोल्ड बाहेर ओढून घ्यायचा. ऐकताना हे आततायी वाटते. पण तो मघाचा हिशेब आठवा. निम्मे घर्षण डोक्याखाली असते. डोके गेले की ते घर्षण गेले, आणि बोल्टचा ताणही गेला. आता हेडमधून बोल्टचा खुंट बाहेर डोकावत असतो, समोरचा पंजा गेल्यामुळे हाताला जागा झालेली असते, आणि दिवसभर हटून बसलेला तो खुंट कधी कधी ग्रिपच्या पकडीत चार आटे सहज फिरतो. बघणाऱ्याला वाटते, एवढे सोपे होते तर सकाळीच का नाही केले? सकाळी ते इतके सोपे नव्हते.

सगळे थकले की मग ड्रिल. खुंटाच्या बरोबर मध्यावर पंच मारून सरळ भोक पाडायचे. अर्धा मिलिमीटर मध्य चुकला तर पुढे ड्रिल मऊ ॲल्युमिनियमकडे सरकते आणि आट्यांची भिंत खाऊन टाकते. उलट्या दिशेने कापणारे ड्रिल वापरले तर भोक पाडता पाडताच बोल्ट सुटण्याची शक्यता असते. नंतर त्या भोकात एक्स्ट्रॅक्टर नावाचा उलट्या आट्यांचा खिळा घालून फिरवतात. बाजारात तो स्वस्त मिळतो, आणि नवशिक्याला पहिला तोच आठवतो. पण तो अत्यंत कडक आणि ठिसूळ पोलादाचा असतो. जिथे अख्खा बोल्ट जोराला बधला नाही, तिथे त्याच्या पोटातला हा बारीक खिळा जोर सहन करील कसा? तो आत तुटला की साधे ड्रिल त्यावर चालत नाही, नुसते किंचाळते. मग इंजिनाचे हेड उतरवून ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या यंत्रावर न्यावे लागते. शंभर रुपयांच्या घाईने हजारोंचे काम उभे राहते. शेवटच्या उपायाला शेवटी ठेवायचे ते यासाठी.

बोल्ट निघाल्यावर

बोल्ट निघाला म्हणजे काम संपले, असेही नाही. भोकातले आटे टॅप फिरवून साफ करावे लागतात. आटे गेलेलेच असतील, तर भोक थोडे मोठे करून नवे आटे मारतात आणि त्यात पोलादी तारेचे वेटोळे बसवतात. त्याला हेलिकॉइल म्हणतात. ॲल्युमिनियममध्ये नीट बसवलेले हे वेटोळे मूळ आट्यांपेक्षाही टिकाऊ ठरते. हेड फेकून नवे आणण्याची गरज उरत नाही.

राहिला नवा बोल्ट. इथेही ‘डब्यातला एखादा बसेल’ ही वृत्ती नडते. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचे एक विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघाले होते. सुमारे १७ हजार फुटांवर असताना वैमानिकासमोरची काच उडाली आणि कप्तान कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवले आणि आश्चर्य म्हणजे कप्तान वाचला. चौकशीत निघाले ते असे. आदल्या दिवशी नवी काच बसवताना लावलेल्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्टांचा व्यास ०.०२६ इंचाने कमी होता. म्हणजे पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही! बोल्ट निवडताना जुना बोल्ट शेजारी धरून नजरेने माप जुळवले गेले होते.

आपली गाडी काही आकाशात जात नाही. पण चाक आणि ब्रेक बोल्टांनीच धरलेले असतात. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे कोरलेले असतात. ती त्याची ताकद असते. जिथे १०.९ होता तिथे ८.८ लावणे म्हणजे मजबूत दोरीच्या जागी सुतळी बांधणे. पुण्यात नाना पेठेतल्या दुकानात जुना बोल्ट दाखवला, तर काउंटरवरचा जाणता माणूस आधी हे आकडे वाचतो आणि मग आट्यांवरून नख फिरवतो.

तर मग बिल पाहून प्रश्न विचारायचेच नाहीत काय? जरूर विचारावेत, पण नेमके विचारावेत. ‘एवढे पैसे का?’ या प्रश्नाला सगळीकडे एकच उत्तर मिळते. त्यापेक्षा बोल्ट कुठे होता, तिथे पोचायला काय काय उघडावे लागले, ड्रिल करावे लागले की तसाच निघाला, आटे शाबूत आहेत की हेलिकॉइल बसवली, हे विचारावे. निघालेला बोल्ट दाखवा म्हणावे. ज्याने खरोखर दिवस घालवला आहे, तो माणूस खूश होऊन तेलकट फडक्यात गुंडाळलेला तो तुकडा पुढे करतो आणि सगळी हकिकत रंगवून सांगतो. ज्याने घालवलेला नाही, त्याची चुळबुळ लगेच कळते. आणि मेकॅनिकनेही एक पथ्य पाळावे. बोल्ट हटून बसला आहे असे दिसताच, ड्रिल हातात घेण्याआधी गिऱ्हाइकाला फोन करावा. खर्च वाढल्याचा राग फारसा येत नाही. तो उशिरा कळल्याचा येतो.

शेवटी एक लहानशी गोष्ट पाहावी. नवा बोल्ट लावण्यापूर्वी काही मेकॅनिक त्याच्या आट्यांना तांब्याच्या रंगाची एक पेस्ट बोटाने चोपडतात. उष्णतेत आटे धरू नयेत म्हणून ती असते. ती लावली की घर्षण कमी होते, म्हणून बोल्ट थोडा कमी जोराने आवळावा लागतो, आणि हेही त्यांना ठाऊक असते. या पेस्टचे पैसे बिलात कुठे दिसत नाहीत. तिचा उपयोग त्या दिवशी कुणालाच होत नाही. आठ-दहा वर्षांनी कुठल्यातरी दुसऱ्या गावात, कुठल्यातरी दुसऱ्या गॅरेजमध्ये, कुणीतरी अनोळखी माणूस त्याच चिंचोळ्या जागेत मनगटापर्यंत हात घालील, पाना लावील, आणि बोल्ट पहिल्या झटक्यात सुटेल. तो क्षणभर चकित होईल आणि पुढच्या बोल्टकडे वळेल.